पेट्रोल टाकी बदलण्याआधी तिची बैठक पाहा

प्रश्न : माझ्याकडे १९ फुटी फायबरची मोटरबोट आहे. तीन वर्षांपूर्वी ती मी जुनी विकत घेतली. मागे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे आणि डेकखाली सुमारे सव्वाशे लिटरची ॲल्युमिनियमची टाकी आहे, जी बोट बांधतानाच बसवून तिच्या भोवती फोम ओतलेला आहे. पावसाळ्यात बोट दिवाळे गावाजवळच्या एका आवारात ट्रेलरवर ताडपत्री घालून ठेवली होती. गणपतीनंतर ताडपत्री काढली, तेव्हा पेट्रोलचा उग्र वास आला आणि तळाशी साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला. टाकीत अजून अंदाजे सत्तर लिटर पेट्रोल असावे. रबाळ्याच्या एका फॅब्रिकेटरचे म्हणणे आहे की भोक शोधून आर्गन वेल्डिंगने बुजवता येईल. दुसरा म्हणतो की स्टेनलेस स्टीलची नवी टाकी करा, ती कधीच गंजणार नाही. मी व्यवसायाने यंत्रदुरुस्तीतला आहे आणि शक्य तेवढे काम स्वतः करण्याची तयारी आहे. यातले कोणते ऐकावे?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. त्याची कारणे पुढे येतीलच, पण त्याआधी आजच्या आज करायच्या गोष्टी सांगतो, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर बाब टाकी फुटली ही नसून बोटीच्या तळाशी पेट्रोल मोकळे पडले आहे ही आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि बोटीच्या तळात थर धरून बसते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि ठिणगी कुठून येईल याचा विचार आपण सहसा करत नाही. तुमच्या बोटीत पाणी उपसणारा पंप तरंगत्या स्विचवर आपोआप सुरू होणारा असेल, तर तो पेट्रोलमिश्रित पाण्यातच उभा आहे. म्हणून बोटीतले कोणतेही बटण दाबू नका. सगळ्या झाकणांच्या फटी उघड्या करा, वाऱ्याच्या दिशेने बाहेरची मोकळी हवा आत ढकला. त्यासाठी पंखा वापरायचा झाल्यास त्याची मोटर बोटीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला असली पाहिजे, आतली वाफ ओढून घेणारा घरगुती एक्झॉस्ट पंखा कदापि नको. हवा बराच वेळ खेळल्यावर आणि वास गेल्यावर मगच बॅटरी तोडा, आधी ऋण बाजू. बॅटरीचे टोक काढतानाही ठिणगी उडते, आणि घाईने हेच पहिल्यांदा केले जाते, म्हणून हा क्रम मुद्दाम लिहीत आहे. पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा आणि आवारातल्या रखवालदाराला त्या बाजूला विडी-सिगारेट ओढू देऊ नका.

आता ते सत्तर लिटर. उपसण्यासाठी इंजिनाच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा किंवा पेट्रोलसाठीचा हातपंप वापरा, विजेचा पंप नको. ज्या डब्यात पेट्रोल घ्याल तो गाडीच्या डिकीत किंवा प्लास्टिकच्या चटईवर न ठेवता जमिनीवर ठेवा, म्हणजे वाहत्या पेट्रोलमुळे साठणारी स्थिर वीज जमिनीत उतरेल. हे पेट्रोल घरी किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये साठवून ठेवण्याचा विचार मात्र करू नका. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येते. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या टाकीत तेल मिसळलेले नसते, त्यामुळे वरचे स्वच्छ पेट्रोल गाळून थोडे थोडे गाडीत वापरता येईल, पण काचेच्या बाटलीत घेऊन पाहिल्यावर जे गढूळ दिसेल किंवा ज्यात खाली वेगळा थर बसेल ते गाडीत घालू नका. ते आणि तळातले तवंगाचे पाणी वेगळ्या डब्यांत भरून टाकाऊ तेल उचलणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्या. गटारात ओतलेले शेवटी खाडीतच जाते. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा मिळाला आहे, आणि तो मिळाला नसता तरी त्या चिखलातल्या निवट्या-चिंबोऱ्यांवर आसपासच्या कोळीवाड्यांची चूल पेटते हे पुरेसे कारण होते.

गळती खरोखर टाकीलाच आहे का, हे आता तपासा. पेट्रोलचा वास आला की सगळे टाकीलाच दोष देतात, पण अनेकदा भरणीच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी जाड नळी तडकलेली असते, क्लॅम्प सैल झालेला असतो किंवा टाकीवरच्या सेंडरखालचे (पेट्रोलची पातळी काट्यावर कळवणाऱ्या भागाखालचे) गॅस्केट कडक होऊन फाटलेले असते. त्या नळ्या आणि सांधे आधी हाताने चाचपून पाहा. ते सर्व ठीक असतील तर टाकीची नळी, हवेची नळी आणि भरणीचे तोंड बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब द्या आणि दाबमापकाच्या काट्यावर लक्ष ठेवा. ३ पीएसआय (दर चौरस इंचावर ३ पौंड दाब) ही कमाल मर्यादा समजा, प्रत्यक्षात दीडदेखील पुरतो. हा आकडा लहान वाटतो, म्हणून हिशेब देतो : टाकीचा माथा एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असेल, तर ३ पीएसआयला त्या एका पत्र्यावर टनभर जोर येतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची नळी टाकीला लावून लोकांनी टाक्या भोपळ्यासारख्या फुगवलेल्या मी पाहिल्या आहेत. चाचणी सावलीत करा, कारण उन्हात टाकी तापली की आतली हवा प्रसरण पावते आणि काटा खोटे बोलतो.

तुमच्या वर्णनावरून टाकीच गळत असावी असे मला वाटते, आणि याचे कारण तुमच्या पत्रात एका ओळीत आलेले आहे, ते म्हणजे भोवती ओतलेला फोम. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक पातळ थर तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. थर खरवडला गेला तरी हवा असेल तोवर तो पुन्हा धरतो. फोम नवा असताना टाकीला घट्ट चिकटलेला असतो, पण वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, डेकवरून झिरपलेले खारे पाणी तीत शिरते आणि तिथेच मुरून राहते. ओल्या मिठाच्या पोटिसासारखा तो फोम टाकीला लपेटलेला असतो, हवा पोचत नाही, संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि धातू बाहेरून आत असा ठिपक्याठिपक्याने खाल्ला जातो. टाकी बाहेर काढाल तेव्हा खालच्या कोपऱ्यांना पांढरी भुकटी दिसेल. ती पुसली की खाली खड्डे असतील. गळते आहे ते एक भोक, पण त्याच्या शेजारी कागदाएवढा पातळ पत्रा उरलेले आणखी वीस खड्डे असू शकतात.

म्हणून वेल्डिंगचा सल्ला निरुपयोगी आहे. शिवाय तो धोकादायक आहे. रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भयंकर असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पेट्रोल राहिलेल्या टाकीला आच लावण्याआधी ती वायुमुक्त असल्याचे सक्षम व्यक्तीने तपासून लिहून देणे पेट्रोलियम नियमांनुसार आवश्यक आहे, आणि वर्कशॉपच्या दारात पाण्याने विसळून घेतलेली टाकी वायुमुक्त होत नाही. काढलेली जुनी टाकी भंगारात देतानाही तिच्यावर ठळक अक्षरात 'पेट्रोलची टाकी' असे लिहून द्या, कारण भंगारवाल्याच्या हातात गॅस कटर असतो.

स्टेनलेस स्टीलविषयी. उघड्यावर, हवेशीर जागी ते उत्तम टिकते, पण त्याचे रक्षणदेखील ऑक्सिजनवर जगणाऱ्या थरामुळेच होते. साचलेल्या खाऱ्या पाण्यात, फटीत आणि विशेषतः वेल्डच्या कडेला तेही खाल्ले जाते, आणि ॲल्युमिनियमसारखी पांढरी भुकटी दाखवून इशाराही देत नाही. 'कधीच गंजणार नाही' हे आश्वासन बंद डेकखालच्या ओल्या जागेसाठी कोणी देऊ नये. साधा लोखंडी पत्रा तर आतून बाष्प धरून गंजतो, तो विषयच नको. दोन पर्याय उरतात : ३ मिलिमीटर जाडीच्या ५०८३ किंवा ५०५२ प्रतीच्या सागरी ॲल्युमिनियमची, आत पेट्रोलची उसळी अडवणारे आडवे पडदे असलेली टाकी, किंवा बोटींच्या पेट्रोलसाठीच बनवलेली जाड पॉलिथिलीनची साच्यातली टाकी. दुसरी गंजत नाही, हा तिचा मोठाच गुण आहे, पण ती ठरावीक मापांतच मिळते आणि पहिल्यांदा पेट्रोल भरल्यावर सुमारे दोन टक्के फुगते. मीटरभर लांबीला ही वाढ दोन सेंटिमीटर होते, तेवढी जागा न सोडता ती आवळली तर ती स्वतःला किंवा डेकला वाकवते. तुमच्या बोटीचा तळ व्ही आकाराचा असणार, त्यात तयार टाकी क्वचितच नीट बसते, म्हणून तुमच्या जागी मी असतो तर ॲल्युमिनियमची टाकी करून घेतली असती. पत्रा कोणत्या प्रतीचा आहे याचे कागद मागा. भांड्यांच्या कामाचा मऊ पत्रा दिसायला सारखाच असतो.

टाकी सांगण्याआधी जुनी बाहेर काढा आणि जागा मोकळी करा. डेकमध्ये स्क्रूंनी बसवलेले झाकण असेल तर काम सोपे आहे. नसेल, तर टाकीच्या कडांचा अंदाज घेऊन डेक कापावा लागेल. ते पेट्रोल आणि वाफ पूर्ण गेल्यानंतर, गॅस मीटरने खात्री करून, हवेच्या दाबावर चालणाऱ्या करवतीने, पात्याची खोली डेकच्या जाडीएवढीच ठेवून करा. विजेच्या हातकटरच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात. आतला फोम लांब करवतीने आणि खोरणीने टाकीपासून सोडवावा लागतो, दोन दिवस त्यातच जातील असे धरून चला. टाकी वर खेचण्यासाठी जॅक लावून जुन्या नळीच्या तोंडाला साखळी अडकवू नका, ते तोंड हातात येईल आणि टाकी तिथेच राहील.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक जण नेमका तोच आटोपता घेतात. टाकी मेली ती तिच्या बैठकीमुळे. तीच ओली बैठक ठेवून लाखाची टाकी बसवली तरी तिची गत हीच होणार. खड्ड्यातला सगळा ओला फोम काढा, तळाचे आणि बाजूच्या स्ट्रिंगरचे (तळाला बळकटी देणाऱ्या लांब पट्ट्यांचे) लाकूड टोकदार अणीने टोचून पाहा, मऊ लागेल तिथे ते बदलून त्यावर फायबर चढवा. खड्ड्यातले पाणी मागच्या बाजूला वाहून जाण्याची वाट मोकळी आहे का ते बादलीभर पाणी ओतून पाहा. तुमच्या बोटीत ती वाट फोमने बुजलेली असण्याची दाट शक्यता आहे. टाकीचा तळ नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या निदान इंचभर वर राहील असे उंच आधार घाला. टाकी लाकडावर किंवा फोमवर थेट टेकवू नका. पाणी न शोषणाऱ्या कडक प्लास्टिकच्या किंवा निओप्रीनच्या पट्ट्या टाकीच्या तळाला सीलंटने पूर्ण चिकटवा, म्हणजे पट्टी आणि धातू यांच्यामध्ये पाणी शिरणारच नाही, आणि मग त्या पट्ट्यांवर टाकी बसवा. चारी बाजूंनी निदान पाव इंच हवा खेळली पाहिजे. माथ्यावर पाणी साचू नये म्हणून टाकीला किंचित उतार द्या. घट्ट धरून ठेवण्यासाठी टाकीलाच वेल्ड केलेल्या कानांतून बोल्ट घ्या. सव्वाशे लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ९२ किलो वजन, आणि घारापुरीच्या बाजूला लाटांवर आपटताना ते कित्येक पटींनी जाणवते. पितळेचा सांधा ॲल्युमिनियममध्ये थेट आवळू नका, मध्ये स्टेनलेसचा बुश घाला, नाहीतर खारी हवा त्या जोडीची बॅटरी करून टाकते.

हवेसाठी जागा सोडायची म्हणजे नवी टाकी जुनीपेक्षा लहान होणार, साधारण शंभर लिटरची. हे स्वीकारा. माप देण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करून तो डेकच्या तोंडातून आत उतरवून पाहा, नळ्यांची तोंडेसुद्धा त्यावर काढा. खड्ड्यात बसणारी टाकी तोंडातून आत जात नाही, हा अनुभव अनेकांनी पैसे मोजून घेतला आहे. आणखी एक गोष्ट विसरू नका : काढलेला फोम केवळ टाकी धरायला नव्हता, बोट पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवण्याचे कामही तो करत होता. एक लिटर फोम जवळजवळ एक किलो भार पेलतो. जेवढा काढाल तेवढा नवा, बंद पेशींचा फोम कडेच्या आसनांखाली किंवा पुढच्या भागात, कोरड्या जागी भरून द्या.

नळ्या जुन्या वापरू नका. भरणीची ३८ मिलिमीटरची आणि हवेची १६ मिलिमीटरची, दोन्ही आयएसओ ७८४० छापलेल्या आगरोधक पेट्रोल नळ्या घ्या, भरणीच्या नळीला प्रत्येक टोकाला दोन दोन स्टेनलेसचे क्लॅम्प लावा. दोन्ही नळ्या टाकीकडे सतत उतरत्या असाव्यात. मध्ये झोळ पडला की त्यात पेट्रोल साचते, हवा अडते आणि भरताना तोंडातून फवारा येतो. पेट्रोल घेण्याची नळी टाकीच्या माथ्यातूनच असावी, तळाला कोणतेही भोक नको. भरणीचे धातूचे तोंड आणि टाकी तारेने बोटीच्या भूताराला (अर्थिंगच्या तारेला) जोडा आणि मल्टिमीटरने रोध १०० ओमच्या आत आहे का पाहा. आपल्याकडे बोटीत पेट्रोल बहुधा कॅनमधून ओतले जाते, आणि प्लास्टिकचा कॅन व प्लास्टिकचे नाळके यांमुळे स्थिर वीज साठण्याचा धोका पंपाच्या नळीपेक्षा अधिक असतो. पेट्रोलसाठीचा धातूचा कॅन व धातूचे नाळके वापरा आणि ओतण्याआधी दोन्ही भरणीच्या तोंडाला टेकवा.

नवी टाकी बसवण्याआधी जमिनीवर ३ पीएसआयला साबणाच्या पाण्याने तपासा, आणि बसवून नळ्या जोडल्यावर पुन्हा एकदा. मग वीस लिटर पेट्रोल भरून एक रात्र जाऊ द्या, वास नसेल तर अर्धी, आणि शेवटी पूर्ण. पूर्ण म्हणजे तोंडापर्यंत नव्हे : सकाळच्या गारव्यात भरलेले शंभर लिटर पेट्रोल दुपारपर्यंत १५ अंश तापले तर जवळपास दीड लिटरने वाढते आणि हवेच्या नळीतून खाडीत सांडते. डेकचे झाकण पुन्हा फायबरने कायमचे बंद करू नका. स्क्रू आणि लवचिक सीलंटने बसवा, आणि सेंडर व नळ्यांच्या वर हात जाईल एवढे फिरकीचे छोटे झाकण ठेवा, म्हणजे दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बोट बाहेर काढताना आत डोकावता येईल. बोटीच्या नोंदणीच्या कागदांत टाकीची क्षमता लिहिलेली असेल, तर झालेला बदल महाराष्ट्र सागरी मंडळाकडे कळवून टाका. कामासाठी दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडा, फायबर आणि सीलंट दोन्हींना ते मानवतात.

प्रश्न : टाकी बदलून घेतल्यापासून माझ्या बोटीचे इंजिन हळू चालते तेव्हा ठीक असते, पण वेग वाढवला की दोन मिनिटांत दम तोडते. नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसतो. कारागीर कार्ब्युरेटर उघडायला सांगतो.
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : कार्ब्युरेटरला हात लावू नका. फुगा चपटा होतो याचा अर्थ इंजिन पेट्रोल ओढत आहे आणि मागून ते येत नाही. बोट मोकळ्या हवेत, धक्क्याला बांधून भरणीचे झाकण थोडे सैल करा आणि इंजिन वेगाने चालवून पाहा. त्रास थांबला तर हवेची नळी दबली आहे, दुमडली आहे किंवा तिच्या जाळीत कुंभारमाशीने घर केले आहे. त्रास तसाच राहिला तर टाकीच्या तोंडावरची सायफनरोधक झडप तपासा. नळी तुटल्यास टाकीतले पेट्रोल आपोआप वाहून जाऊ नये म्हणून ती असते. लहान मापाची बसवली गेली असेल किंवा टाकी बनवतानाचा धातूचा कीस तिच्यात अडकला असेल. ती स्वच्छ करा, गरज पडल्यास योग्य मापाची बदला, पण काढून टाकून नुसता नळीचा तुकडा जोडू नका. शोषनळीचे टोक टाकीच्या तळाला टेकलेले असणे हेही एक कारण असते, तळापासून सुमारे इंचभर अंतर हवे.

प्रश्न : हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने बोटीची टाकी खराब होते का? पावसाळ्यात टाकी भरून ठेवावी की रिकामी?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चांगल्या ॲल्युमिनियमच्या किंवा पॉलिथिलीनच्या टाकीपेक्षा जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि खुद्द इंजिन यांना इथेनॉलचा त्रास अधिक होतो. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांनी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे पुस्तिकेत लिहिलेले असते. तुमच्या इंजिनाची पुस्तिका उघडा आणि अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी उत्तर घ्या. जुन्या बोटींत टाकीच फायबरची असेल, तर मात्र ती तातडीने बदलायला घ्या, कारण इथेनॉल जुन्या पॉलिएस्टर रेझिनला मऊ करते आणि त्याचा चिकट गाळ इंजिनात जातो.

इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि खाली बसतात, म्हणजे नेमके शोषनळीच्या तोंडाशी. टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत बाष्प कमी राहील, हा जुना सल्ला साध्या पेट्रोलसाठी बरोबर होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शाकारून ठेवायच्या बोटीसाठी मी तो आता देत नाही. मे महिन्यात ठरवून पेट्रोल वापरून संपवा, उरलेले उपसा, टाकी वाऱ्याने कोरडी करा, हवेची नळी उघडी ठेवून तिच्या तोंडाला बारीक जाळी लावा. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर नसेल तर तो बसवून घ्या, आणि हंगामाच्या पहिल्या फेरीनंतर त्याचा खालचा वाडगा काचेच्या भांड्यात रिकामा करून पाणी दिसते का ते पाहा.